खऱ्या नटांचे जुने व्हिडिओ गेम आज कसे चालवायचे

रोडरॅश ही मोटारसायकल शर्यत खेळला नाही असा नव्वदच्या दशकातला संगणकवाला शोधून सापडायचा नाही. पण त्या गेममध्ये खऱ्या माणसांचं शूटिंग होतं, हे सांगितलं की आजही बरेच जण चकित होतात. १९९४ साली थ्रीडीओ या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आणि १९९६ साली विंडोजवर आलेल्या आवृत्तीत शर्यतीच्या निकालाप्रमाणे खऱ्या नटांच्या छोट्या फिती लागायच्या, मागे साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी वाजायची. आपल्याकडे हातोहात फिरलेल्या कितीतरी प्रतींतून नेमक्या याच फिती कापलेल्या असत, कारण सीडीवरची सगळ्यात जास्त जागा त्याच खायच्या. कमांड अँड कॉन्करमधला टकल्या केन मात्र सगळ्यांना आठवतो. तो साकारणारा जो कुकन हाच त्या व्हिडिओंचा दिग्दर्शकही होता. त्यानंतरची पिढी असेल तर २००५ च्या नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेडमधले रेझर, मिया आणि सार्जंट क्रॉस.

हे गेम पुन्हा खेळावेत असं वाटत असेल तर पुढची वाट थोडी खाचखळग्यांची आहे, पण जाता येते. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा: अशा गेममध्ये सर्वात आधी मोडतो तो व्हिडिओ. गेम सुरू होतो, मेनू येतो, संगीत वाजतं आणि नटाच्या जागी काळा चौकोन दिसतो. म्हणून गेम निवडलात की त्याचा व्हिडिओ कशात भरलाय आणि तो उलगडणारं साधन कोणतं, हे आधी शोधायचं. बाकी सगळं त्यामागून आपोआप ठरतं.

व्हिडिओ एवढासा का असतो

हे कळलं की पुढच्या निम्म्या सेटिंग्जचा अर्थ लागतो. तेव्हाच्या नेहमीच्या डॉस (विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली) गेमचा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा आणि २५६ रंगांचा. म्हणजे एका चित्राला ६४,००० बाइट. सेकंदाला १५ चित्रं दाखवायची तर ९,६०,००० बाइट लागणार. आणि १९९३ च्या आसपासचा दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला द्यायचा साधारण ३०० किलोबाइट. गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि त्यातच आवाजही बसवायचा.

मग प्रत्येक कंपनीने आपापली काटकसर शोधली. कुणी चित्राची चौकट लहान केली, कुणी एकाआड एक आडव्या ओळी काळ्या ठेवल्या, कुणी नटाला निळ्या पडद्यासमोर उभं करून फक्त त्याची आकृती हलती ठेवली आणि मागचं दृश्य स्थिर. दाबून भरायच्या पद्धतीही वेगवेगळ्या: सिनेपॅक, इंटेलचं इंडिओ, रॅड गेम टूल्सचं स्मॅकर, कमांड अँड कॉन्कर बनवणाऱ्या वेस्टवुडचं व्हीक्यूए. आणि ६५० एमबीची एक सीडी पुरेना म्हणून डबे जाड होत गेले. १९९३ चा द सेव्हन्थ गेस्ट दोन सीडींचा, १९९४ चे विंग कमांडर ३ आणि अंडर अ किलिंग मून चार-चार, १९९५ चा गॅब्रिएल नाइटचा दुसरा भाग द बीस्ट विदिन सहा, आणि त्याच वर्षीचा रॉबर्टा विल्यम्स यांचा फँटासमागोरिया तब्बल सात.

पायरी पहिली: विकत मिळतोय का ते पाहा

जुनी सीडी शोधत माळ्यावर चढण्याआधी जीओजी आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानांत नाव टाकून बघा. फँटासमागोरिया, द बीस्ट विदिन, द सेव्हन्थ गेस्ट, विंग कमांडर ३, अंडर अ किलिंग मून हे सगळे तिथे आलेले आहेत. सवलतीच्या दिवसांत ते वडापाव-चहाच्या बजेटात बसतात. तिथून घेतलेल्या गेमसोबत डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएम (जुने गेम आजच्या संगणकावर चालवणारे मोफत प्रोग्राम) आधीच जुळवून दिलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने हेच करावं.

काही गेम नव्याने बांधून आले आहेत. नाइट ट्रॅपची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती २०१७ साली आली. याचं शूटिंग १९८७ चं. व्हीएचएस टेपवर चालणाऱ्या, हॅस्ब्रोच्या एका यंत्रासाठी ते केलं होतं, पण ते यंत्र बाजारात आलंच नाही. शेवटी १९९२ साली गेम सेगा सीडी या गेमयंत्रावर आला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली, तेव्हा याच गेमवर तोफ डागली गेली, आणि १९९४ मध्ये तिथे गेमना वयोगटाचे शिक्के मारणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली. आज तो पाहिला की एवढा गहजब कशासाठी, असाच प्रश्न पडतो. सेगा सीडीवर एका वेळी ६४ च रंग दिसायचे, त्यामुळे मूळ आवृत्तीत चेहरे मातकट. नव्या आवृत्तीत चित्र स्वच्छ आहे आणि सगळ्या खोल्यांत काय चाललंय ते छोट्या चौकटींतून एकाच वेळी पाहता येतं. या गेमपुरतं सांगतो, मूळ आवृत्तीच्या मागे लागू नका.

कमांड अँड कॉन्कर आणि त्याच मालिकेतला रेड अलर्ट यांचं एकत्र रीमास्टर, म्हणजे उजळून काढलेली आवृत्ती, २०२० साली आलं. एकट्याने खेळताना स्पेसबार दाबला की नवं चित्र जाऊन जुनं येतं. व्हिडिओही थोडे उजळलेले आहेत. तेवढं पुरे.

रोडरॅश मात्र कुठल्याच ऑनलाइन दुकानात विकायला नाही. तिथे स्वतःची किंवा कुणा ओळखीच्याची मूळ सीडी मिळवण्याला पर्याय नाही.

पायरी दुसरी: सीडीची प्रतिमा बनवा

घरी मूळ सीडी असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालून सरळ खेळायला बसू नका. आधी तिची प्रतिमा, म्हणजे इमेज फाइल, बनवून घ्या. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार कायदेशीरपणे बाळगलेल्या प्रोग्रामची नुकसानीपासून बचावापुरती बॅकअप प्रत काढायला मुभा आहे. ती प्रत वाटत सुटायला नाही.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. महागडा घेण्याची काही गरज नाही.

सीडी आधी उजेडासमोर धरा. छापील बाजूने बारीक टाचणीच्या भोकांसारखा प्रकाश आरपार दिसला, तर तिथला ॲल्युमिनियमचा थर गेलेला आहे आणि तो भाग परत यायचा नाही. खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने परवडतात. कोकणात किंवा मुंबईत तीन-चार पावसाळे कपाटात काढलेल्या सीडीवर पांढुरकी बुरशीची नक्षी हमखास असते. साध्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ सुती कापडाने पुसा. पुसताना हात मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत न्या. गोल गोल फिरवलात आणि ओरखडा पडला, तर तो माहितीच्या मार्गाच्याच दिशेने लांबवर पडतो आणि ड्राइव्हला चूक सुधारता येत नाही. मधल्या भोकाशी तडा दिसत असेल तर ती सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालूच नका. आत तुकडे होतात.

प्रतिमा बनवायला विंडोजवर इमजबर्न चालेल. वाचण्याचा वेग सगळ्यात कमी ठेवा. आता प्रतिमेच्या फाइलच्या प्रकाराची निवड: आयएसओ की बिन-क्यू? सीडीवर फक्त फाइली असतील तर आयएसओ पुरते. पण बऱ्याच जुन्या सीडींवर पहिल्या ट्रॅकवर गेम आणि पुढे साधी गाण्याची सीडी असते तसे ऑडिओ ट्रॅक असतात. द सेव्हन्थ गेस्टची दुसरी सीडी हे चांगलं उदाहरण, तिच्यावर संगीत असंच भरलेलं आहे. अशा सीडीचं आयएसओ केलं की गाणी गुपचूप गळतात आणि तुम्हाला कळतही नाही. शंका असेल तेव्हा बिन-क्यूच करा. विंडोज १० किंवा ११ मध्ये दोनदा क्लिक करून फक्त आयएसओ उघडतं, बिन-क्यू नाही, पण आपल्याला ती डॉसबॉक्सलाच द्यायची असल्याने अडत नाही.

प्रत्येक डिस्कच्या प्रतिमेला लगेच नाव द्या: गेमचं नाव आणि डिस्कचा क्रमांक. सात सीडींचा गेम असला की "नवीन ३" आणि "नवीन ३ शेवटची" यांचा घोळ फार लवकर होतो.

पायरी तिसरी: साधन निवडा

क्रम असा ठेवा. आधी स्कमव्हीएम, तिथे नसेल तर डॉसबॉक्स, तेही जमत नसेल तर आख्खा जुना संगणक नव्या संगणकाच्या आत उभा करायचा.

स्कमव्हीएमला पहिला मान यासाठी की त्यात मूळ प्रोग्राम चालवावाच लागत नाही. गेमच्या फाइली मूळ, पण त्या वाचणारं इंजिन आजच्या संगणकासाठी नव्याने लिहिलेलं. त्यामुळे व्हिडिओ उलगडण्याची जबाबदारीही तेच घेतं आणि काळ्या चौकोनाचा प्रश्न मिटतो. द सेव्हन्थ गेस्ट, फँटासमागोरिया, द बीस्ट विदिन, मिस्ट, रिव्हन, झॉर्क नेमेसिस हे सगळे त्यात चालतात. करायचं एवढंच: एक फोल्डर बनवा, सगळ्या डिस्कवरच्या फाइली त्यात उतरवा, स्कमव्हीएममध्ये "गेम जोडा" म्हणून तो फोल्डर दाखवा.

"सगळ्या फाइली उतरवा" म्हणणं सोपं आहे. दुसरी डिस्क उतरवताना "या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?" असा प्रश्न आला तर डोळे मिटून हो म्हणू नका. दोन्हींचा आकार बघा. सारखा असेल तर वगळा. वेगळा असेल तर थांबा, स्कमव्हीएमच्या विकीवर त्या गेमचं पान उघडा. कुठल्या डिस्कवरून कोणती फाइल घ्यायची आणि गरज असेल तिथे कोणतं नवं नाव द्यायचं, ते तिथे गेमनुसार लिहिलेलं असतं. अर्धे लोक अडकतात ते इथेच, आणि मग खापर साधनावर फोडतात.

विंग कमांडर ३ आणि अंडर अ किलिंग मून यांच्यासाठी डॉसबॉक्स. नव्याने घेत असाल तर डॉसबॉक्स स्टेजिंग ही आवृत्ती घ्या, तिचं चित्र आणि आवाज दोन्ही मूळच्यापेक्षा नीट बसवलेले आहेत. गेमचं फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडायचं आणि सीडीच्या प्रतिमा डी ड्राइव्ह म्हणून. इथली युक्ती अशी की डी जोडतानाच चारही प्रतिमांची नावं एकामागोमाग द्यायची. मग खेळताना गेमने "डिस्क दोन घाला" म्हटलं की कंट्रोल आणि एफ४ दाबायचं, डॉसबॉक्स पुढची डिस्क फिरवतो. एकच डिस्क जोडून बसलात तर अर्ध्या मोहिमेत गेम सोडून बाहेर यावं लागतं.

वेगाचंही इथेच बघा. व्हिडिओ अडखळत असेल तर कंट्रोल-एफ१२ ने वेग वाढवा, लढाई अंगावर धावून येत असेल तर कंट्रोल-एफ११ ने कमी करा. विंग कमांडर ३ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये आहेत. संवादाच्या प्रसंगात नट मार्क हॅमिलचं तोंड आणि आवाज जुळले पाहिजेत, आणि अंतराळातल्या लढाईत यानं हाताबाहेर जाता कामा नयेत. लढाई जमेल असा वेग आधी लावा, मग व्हिडिओ तपासा. साउंड कार्ड विचारलं तर साउंडब्लास्टर १६ निवडा.

विंडोज ९५ चे गेम: खरी डोकेदुखी

डॉसचे गेम जुने असूनही सोपे जातात. मधल्या काळातले, म्हणजे विंडोज ९५-९८ साठीचे, जास्त छळतात. तीन अडथळे येतात.

पहिला इन्स्टॉलरचा. गेम ३२ बिटचा असतो, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, आणि आजचं ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीही चालवत नाही. ओटीव्हीडीएम नावाचं छोटं मोफत साधन असे इन्स्टॉलर चालवून देतं. काही गेममध्ये तर सीडीवरच्या फाइली सरळ कॉपी केल्या तरी भागतं.

दुसरा अडथळा म्हणजे तो काळा चौकोन. इंडिओमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडल्याने मायक्रोसॉफ्टने २००९ च्या डिसेंबरात ते अडवलं. लोक ते परत चालू करायचे उपाय सांगतात, पण ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार करता त्यावर तरी ते नको. त्यापेक्षा गेमच्या फोल्डरमधल्या एव्हीआय या व्हिडिओ फाइली एफएफएमपेग या मोफत साधनाने सिनेपॅकमध्ये बदला. चौकटीचा आकार, चित्रांचा वेग आणि फाइलचं नाव मूळचंच ठेवायचं. व्हिडिओसाठी विंडोजवरच अवलंबून असलेले गेम बऱ्याचदा त्या निमूट स्वीकारतात. मूळ फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कारण सिनेपॅक करताना दर्जा किंचित उतरतो.

तिसरा, क्विकटाइम हा ॲपलचा व्हिडिओ प्लेअर मागणारे गेम. ॲपलने २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइमचा पाठिंबा थांबवला, त्यातल्या त्रुटी तशाच राहिल्या. रोजच्या विंडोजवर ते बसवू नका.

यावरचा शेवटचा उपाय म्हणजे ८६बॉक्स. हा आख्ख्या पेंटियम संगणकाची नक्कल करतो: मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सीडी ड्राइव्ह, सगळं. त्यात तुमच्याकडचं विंडोज ९८ बसवायचं, जुने कोडेक (व्हिडिओ उलगडणारे प्रोग्राम), जुनं क्विकटाइम बिनधास्त घालायचं, कारण तिथे इंटरनेट जोडायचंच नाही. पहिल्यांदा उभं करायला एक अख्खा रविवार जातो. पण एकदा झालं की रोडरॅशसारखे गेम त्यातच खेळावेत, असं माझं मत. सुरुवातीचा निळसर पडदा आणि इन्स्टॉलरची हळूहळू सरकणारी पट्टी हाही आठवणींचाच भाग आहे.

सेगा सीडी, थ्रीडीओ यांच्या नकलांसाठी मूळ यंत्राची बायोस फाइल, म्हणजे यंत्र सुरू करणारा त्यातलाच प्रोग्राम, लागते. ती स्वतःच्या यंत्रातून काढलेली असेल तरच रीतसर. १९९० च्या मॅड डॉग मॅकक्रीसारखे, लेझरडिस्कवरून चालणारे आर्केडचे बंदूकबाज गेम हायप्सियस सिंज नावाच्या साधनात चालतात, पण तो निराळाच छंद आहे.

पायरी चौथी: चित्र बसवा

इथे माझा थोडा हट्ट आहे. ३२० बाय २०० चं चित्र तेव्हाच्या ४:३ च्या जाडजूड मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं. आज ते जसंच्या तसं दाखवलं तर नट बुटके आणि रुंद दिसतात. त्यामुळे डॉसबॉक्स असो वा स्कमव्हीएम, प्रमाण सुधारण्याचा पर्याय चालू करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू द्या. सगळा पडदा भरावा म्हणून आडवं ताणलेलं चित्र म्हणजे लग्नाच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर दिसणारी नवरीमुलगी.

फँटासमागोरिया आणि द बीस्ट विदिनसाठी स्कमव्हीएममध्ये आणखी दोन खुणा आहेत. एक व्हिडिओवर काळ्या ओळी दाखवण्याची, दुसरी चांगल्या दर्जाने मोठं करण्याची. दुसरी लावली की चित्र गुळगुळीत होतं. मी काळ्या ओळी ठेवतो. त्या ओळींमुळे डोळा मधला तपशील स्वतः भरतो, आणि कमी ठिपक्यांचा चेहराही धारदार वाटतो. घरात कुणी हौशी असेल तर डॉसबॉक्स स्टेजिंगमधले जुन्या मॉनिटरचा भास देणारे पर्यायही लावून बघा.

एआयने मोठे केलेले व्हिडिओही चाहते बनवतात. एखादा पाहायला ठीक, पण खेळायला नको. नटाची त्वचा मेणासारखी होते, दात एकमेकांत मिसळतात, आणि स्वस्त सेटवरचा कृत्रिम उजेड लपण्याऐवजी अधिक उघडा पडतो.

खेळताना

हेडफोन लावा. या काळातल्या बऱ्याच गेममध्ये संवाद खाली लिहून येत नाहीत, आणि दाबून भरलेल्या आवाजात अमेरिकी उच्चार पटकन पकडता येत नाहीत. एखादा सुगावा निसटला तर तासभर भिंतीवर डोकं आपटायची वेळ येते. अडलात तर उत्तर सांगणारा वॉकथ्रू उघडायला लाजू नका. सेव्हन्थ गेस्टमधली काही कोडी तर आज निव्वळ वेळखाऊ वाटतात, तिथे गेममधल्या घरातलंच एक पुस्तक अडकलेलं कोडं सोडवून देतं. ते वापरा.

मुलं आसपास असतील तर फँटासमागोरिया रात्री उशिरा. त्यात रक्तपात आहे, लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, आणि ऑस्ट्रेलियाने त्याला विक्रीची परवानगीच नाकारली होती. गेममध्येच पासवर्ड लावून हिंसक दृश्यं झाकायची सोय आहे, ती आधी पाहून ठेवा.

पहिला कोणता घ्यावा? फक्त आठवणी चाळायच्या असतील तर कमांड अँड कॉन्करचं रीमास्टर. गोष्ट हवी असेल तर द बीस्ट विदिन: जेन जेन्सन यांचं लेखन, जर्मनीतल्या खऱ्या जागांचे फोटो मागे, आणि अभिनय या काळाच्या मानाने संयत. विनोद चालत असेल तर अंडर अ किलिंग मून. गुप्तहेर टेक्स मर्फीचं काम गेम बनवणाऱ्या ख्रिस जोन्स यांनी स्वतःच केलंय, आणि ते नट नाहीत हे जाणवत असूनही तो माणूस आवडत जातो. आणि ही जात मेलेली नाही हे बघायचं तर २०१५ चा हर स्टोरी. एका बाईच्या पोलीस चौकशीच्या फिती, एक शोधखिडकी, बस.

नुसते व्हिडिओ पाहायचे असतील तर

खेळायला वेळ नाही, केनचं भाषण तेवढं परत ऐकायचंय, असंही असतं. मग काहीच उभारायला नको. एफएफएमपेगला स्मॅकर, बिंक, व्हीक्यूए, सिएराचं व्हीएमडी हे सगळं वाचता येतं, आणि त्यावरच बेतलेला एमपीव्ही प्लेअर बहुतेक सुट्या फाइली थेट चालवतो. काही गेममध्ये मात्र सगळे व्हिडिओ एकाच मोठ्या गाठोड्यात बांधलेले असतात, ते आधी सोडवून घ्यावं लागतं. त्यासाठी त्या त्या गेमच्या चाहत्यांनी लिहिलेली साधनं सापडतात.

जपून ठेवताना

स्कमव्हीएम अँड्रॉइडवरही चालतं, त्यामुळे तयार केलेलं फोल्डर केबलने फोनवर टाकलं की लोकलमध्येसुद्धा मिस्ट खेळता येतो. सेव्ह केलेले डाव मात्र आपोआप येत नाहीत, ती फाइल वेगळी न्यावी लागते. सीडीच्या प्रतिमा दोन ठिकाणी ठेवा: एक बाहेरची हार्ड डिस्क, दुसरी घरातल्या दुसऱ्या संगणकावर. मूळ सीडी सिलिका जेलची पुडी टाकून बंद डब्यात, उभ्या. आणि प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल: कोणतं साधन, कोणती आवृत्ती, वेगाचा आकडा किती, कुठली फाइल बदलली. दोन वर्षांनी लॅपटॉप बदलाल तेव्हा यातलं काहीही आठवणार नाही.